हे अंशतः खरे आहे

शालेय शिक्षणमंत्र्यांची वार्षिक तोंडी परीक्षा नागपुरात होते. महिना डिसेंबर, केंद्र विधान भवन, सिव्हिल लाइन्स. कालावधी प्रश्नोत्तरांचा एक तास, आणि तोही इतर खात्यांच्या मंत्र्यांबरोबर वाटून घ्यायचा.

दहावी-बारावीच्या केंद्रांवर भरारी पथकं धाडणाऱ्या या खात्याच्या प्रमुखाला स्वतःच्या पेपरात मात्र बऱ्याच सवलती आहेत. प्रश्नपत्रिका आधीच हातात पडते. उत्तरं दुसऱ्यांनी लिहिलेली असतात आणि ती प्रश्नांच्या खालीच छापून सगळ्यांना वाटली जातात. जवळच अधिकाऱ्यांची दीर्घा असते. तिथून चिठ्ठ्या येतात, आणि त्या आणून द्यायला सरकारी पगारावर माणूस असतो. एवढं करूनही अडलंच, तर "माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल" असं म्हणून प्रश्न घरी न्यायची मुभा आहे. शिवाय या परीक्षेत नापास करण्याची तरतूद नाही. पाचवी-आठवीच्या पोरांसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणायचा नियम सरकारनं २०२३ मध्ये काढला. मंत्र्यांची ढकलपास पद्धत मात्र त्यातून सुटली.

हे केंद्र नागपूरला कसं मिळालं, ते नव्या पिढीला ठाऊक नसतं. मध्य प्रांताची राजधानी असताना मंत्री, सचिव, फायली आणि त्यांच्यावरची धूळ, सगळं इथं कायमच्या मुक्कामाला होतं. ते मुंबईला जाणार म्हटल्यावर आमच्या पूर्वजांनी २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लिहून घेतलं, की सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात येईल आणि विधिमंडळाचं एक तरी अधिवेशन इथं भरेल. १९६० पासून ते येतात. अधूनमधून खाडे झाले, कोरोनाच्या दोन वर्षांत तर केंद्रच मुंबईला हललं. एरवी डिसेंबर लागला की रवि भवनाच्या कॉटेजना रंग लागतो, आमदार निवासाच्या गाद्या उन्हात येतात आणि सिव्हिल लाइन्सच्या दुभाजकांवर एका रात्रीत झेंडू उगवतो. आकाशवाणी चौकातल्या एका चहावाल्याचं यावर म्हणणं असं: "साहेब लोकं आले का रस्ते गोरे होऊन जाते भाऊ. मंग वर्षभर उन्हानं काळे पडते."

मुंबईहून येणाऱ्या मंडळींना गुलाबी थंडी, तर्री पोहे, सावजी रस्सा आणि हुरडा यांचं आकर्षण असतं असं दरवर्षी छापून येतं. मी त्यात पडत नाही. मला आकर्षण आहे ते तारांकित प्रश्नोत्तरांच्या यादीचं. मराठी गद्यातला इतका शिस्तशीर प्रकार दुसरा नाही. लघुकथा बदलली, कादंबरी बदलली, पण तारांकित प्रश्नानं आपला घाट सोडला नाही. शालेय शिक्षणाचा प्रश्न साधारण असा असतो, आणि मासला माझाच आहे: सन्माननीय शालेय शिक्षण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय? (१) राज्यातील जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यात येत असल्याने अध्यापनावर परिणाम होत असल्याचे माहे ऑक्टोबरमध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय. (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

"वा त्या दरम्यान" हे दोन-तीन शब्द पाहा. आमदारसाहेबांना तारीख चुकली म्हणून मंत्र्यांनी "हे खरे नाही" म्हणून सुटू नये, यासाठी कुणीतरी जुन्या खोडानं ही पाचर मारून ठेवलेली आहे. तिच्या उत्तरादाखल सरकारकडचं हत्यार आहे: "हे अंशतः खरे आहे."

या उत्तराची मला मनापासून असूया वाटते. "हे खरे आहे" म्हटलं तर पुढं चौकशी, कार्यवाही आणि विलंबाची कारणं अशी सगळी वरात अंगावर येते. "हे खरे नाही" म्हटलं तर विरोधी पक्षाचा कुणी शाळेचा फोटो फडकावतो. "अंशतः" म्हटलं की कुठला अंश खरा, हे सांगायची जबाबदारी विचारणाऱ्यावर जाते. गळक्या शाळेबद्दल विचारलं असेल, तर शाळा आहे हा अंश खरा.

आणि मग येतं, "(२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." वरच्या मासल्याला हे उत्तर फार शोभून दिसतं, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देताच येत नाही. कायद्यानं देता येत नाही, म्हणजे दिलं जात नाही. दिलं जात नाही, म्हणजे अध्यापनावर परिणाम होत नाही. सबब प्रश्न उद्भवत नाही. तर्कशास्त्राचा तास आमच्या मॉरिस कॉलेजात लोकांनी उगाच बुडवला.

पण या चार ओळी छापून होईपर्यंत महाराष्ट्रात काय काय घडतं, ते सभागृहात बसून दिसत नाही. त्यासाठी माझा मावसभाऊ पाहिजे. तो नागपूर जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक आहे. पहिली ते चौथी, पट सतरा. प्रश्न विचारणारे आमदार त्याला ओळखत नाहीत, उत्तर देणारे मंत्री ओळखत नाहीत, आणि उत्तर तोच देतो.

त्याचं असं होतं. प्रश्न विधिमंडळ सचिवालयातून मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याकडं येतो. कक्ष अधिकारी तो शिक्षण आयुक्तांकडं पुण्याला धाडतात: माहिती चार दिवसांत सादर करावी. पुण्याहून तो संचालकांकडं, तिथून विभागीय उपसंचालकांकडं, तिथून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं, मग गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, मग केंद्रप्रमुख. वाटेत प्रत्येक टेबल आपल्यासाठी थोडी मुदत कापून ठेवतं. हे अगदी स्वाभाविक आहे, कारण प्रत्येकाला खालच्यांची माहिती "संकलित" करायची असते. त्यामुळं मुंबईहून चार दिवस घेऊन निघालेला प्रश्न मावसभावाच्या व्हॉट्सॲप गटावर उतरतो तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो आणि मजकूर असतो: "अतितात्काळ. वि.स. तारांकित प्रश्न. सोबतच्या प्रपत्र अ व ब मध्ये माहिती आज दुपारी २ पर्यंत न चुकता सादर करावी. माहिती निरंक असल्यास निरंक असे कळवावे. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील." खाली सत्तावीस जणांचे नमस्काराचे हात.

सर्वस्वी जबाबदारी हा एकच अधिकार आपल्या राज्यात पूर्णपणे गावपातळीवर पोचलेला आहे.

मावसभाऊ चौथीला भागाकार शिकवत होता. त्यानं पोरांना पाढे म्हणायला लावले, खिचडीवाल्या मावशींना वर्गावर लक्ष द्यायला सांगितलं आणि रेंज येते त्या चिंचेखाली जाऊन प्रपत्र ब उघडलं. रकाने होते: शिक्षकास दिलेल्या अशैक्षणिक कामांची संख्या, त्यात गेलेले दिवस, त्यामुळं बुडालेल्या तासिका, शेरा. त्याला खरोखर शंका आली. केंद्रप्रमुखांना फोन लावला. "सर, हे प्रपत्र भरण्यात गेलेला वेळ अशैक्षणिकमध्ये धरायचा काय?"

तिकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग केंद्रप्रमुख म्हणाले, "काऊन गमती करून राह्यले सर? निरंक टाका."

त्यानं निरंक टाकलं. बाकी शाळांनीही टाकलं. निरंक अधिक निरंक अधिक निरंक करत ती बेरीज पुन्हा सगळी टेबलं चढून नागपुरातच परत आली, कारण तोवर कक्ष अधिकारी, अवर सचिव आणि मंत्रालयातून ट्रकनं आणलेल्या फायली '१६० गाळे' या सरकारी निवासात आणि आसपास उतरलेल्या होत्या. मावसभावाच्या शाळेपासून विधान भवन मोटारसायकलनं तासाभराच्या रस्त्यावर आहे. उत्तर मुंबई-पुणे करून आलं. तेही एका जिल्ह्याची एक्सेल शीट उघडत नव्हती म्हणून "अंशतः" होऊन.

आता प्रत्यक्ष सभागृह. इथं मी मंत्र्यांच्या बाजूनं दोन शब्द बोलणार आहे, कारण त्यांच्या बाजूनं कुणी बोलत नाही. स्वपक्षाचे आमदार तर नाहीच नाही. विधानसभेत २८८ सदस्य आणि त्यातला प्रत्येकजण कधीतरी शाळेत गेलेला. पाटबंधाऱ्याच्या प्रश्नावर निदान घनमीटर म्हणजे काय ते कळावं लागतं. शाळेचं तसं नाही. आपल्या वेळी गुरुजी कसे होते हे प्रत्येकाला सांगायचं असतं, आणि ते नेहमी कडक पण प्रेमळ होते. त्यात किती जणांच्या स्वतःच्या संस्था आहेत हे विचारू नये. उपप्रश्न विचारायला उठलेले सदस्य शिक्षणप्रेमी म्हणून उठले की अध्यक्ष, अमुक शिक्षण प्रसारक मंडळ म्हणून, हे मंत्र्यांना चेहऱ्यावरून ओळखावं लागतं.

विधान परिषदेत परिस्थिती आणखी बिकट. तिथल्या ७८ जागांपैकी सात शिक्षकांनी निवडून दिलेल्यांच्या, वर सात पदवीधरांच्या. बाकीच्या सदस्यांना रस्ते, धरणं, पीकविमा असे सतरा विषय असतात. शिक्षक आमदारांना एकच असतो आणि तो त्यांना शासन निर्णयाच्या तारखेसकट पाठ असतो. मंत्री "सकारात्मक विचार करू" म्हणाले की हे उठून, मागच्या मंत्र्यांनी कुठल्या दिवशी हेच सकारात्मक म्हटलं होतं ते सांगतात. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलानं बाईंना विचारावं तसला त्यांचा सूर. पण इथं बाई मंत्रिपदावर आहेत आणि बाईंनी खातं घेऊन फार वर्षं झालेली नसतात. २०१४ पासून विनोद तावडे, थोडे दिवस आशिष शेलार, मग वर्षा गायकवाड, दीपक केसरकर, २०२४ च्या डिसेंबरात दादा भुसे. मंत्री बदलतात, प्रश्न त्याच बाकावर बसून असतो.

आणि कधी कधी प्रश्न हजर, मंत्रीच नाहीत. २०२४ चा डिसेंबर आठवा. निवडणूक झालेली, सरकार आलेलं, आणि १५ डिसेंबरला इथल्या राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी झाला. दुसऱ्या दिवसापासून अधिवेशन. सहा दिवस मंत्री होते आणि खाती नव्हती. खातेवाटप जाहीर झालं २१ तारखेला, अधिवेशन संपलं त्या दिवशी रात्री. म्हणजे परीक्षेचं वेळापत्रक संपल्यावर विषय वाटले. गंमत अशी, की त्याच सुमाराला शालेय शिक्षण विभागानं "एक राज्य एक गणवेश" योजना बाजूला ठेवून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं दिलं. या योजनेत कापड वरून आलं होतं, शिलाई बचत गटांकडून करवली होती, आणि शाळा उघडून कितीतरी दिवस झाले तरी कुठं शर्ट नव्हता, कुठं होता तो पुढच्या इयत्तेच्या मापाचा होता. ते सगळं मोडीत काढण्याचा शहाणपणाचा निर्णय खात्याला मंत्री ठरायच्या आधी झाला. यातून काही निष्कर्ष काढायचा मोह मी आवरतो.

पटसंख्या हा या परीक्षेतला दरवर्षी येणारा, दहा गुणांचा प्रश्न. २०१७ च्या हिवाळ्यात दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करण्यावरून इथं गदारोळ झाला. सरकारचं म्हणणं, शाळा बंद करत नाही, जवळच्या शाळेत समायोजन करतो. शाळा तिथं नसणार, गुरुजी तिथं नसणार, पोरं तिथं नसणार, पण बंद नाही. २०२३ ला छोट्या शाळा एकत्र करणाऱ्या समूह शाळा आल्या. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा तेव्हा १४,७८३ निघाल्या, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. हे आकडे "परवडत नाही" या अर्थानं मांडले गेले. मी भागाकार केला. दर शिक्षकामागे सहा-सव्वासहा मुलं येतात. आता आमच्या धरमपेठेत किंवा शंकरनगरात सहा मुलांची बॅच म्हटलं की क्लासवाले मोठ्या पाटीवर "वैयक्तिक लक्ष" लिहितात आणि वर्षाचे लाख-दीड लाख आधी घेतात. तीच चैन गडचिरोलीतल्या पोराला सरकार फुकट देत होतं आणि त्याची जाहिरात करायची सोडून लाजत होतं. एकाही मंत्र्यानं उठून "आमच्या १४,७८३ शाळांत वैयक्तिक लक्ष दिले जाते" असं उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. दीर्घेतून तशी चिठ्ठी आली नसणार.

(अर्थात तो वैयक्तिक लक्षवाला गुरुजी त्या वेळी चिंचेखाली प्रपत्र ब भरत असेल, हा भाग वेगळा.)

२०१८ ला कुणाच्या तरी डोक्यात आलं, की पावसाळी अधिवेशनही नागपुरात घेऊन पाहू. ६ जुलैला नागपूरच्या पावसानं आपली प्रतिक्रिया दिली. विधान भवनाच्या तळघरात पाणी शिरलं, वीज गेली, कामकाज तहकूब. छप्पर गळतं म्हणून वर्ग व्हरांड्यात घेणाऱ्या शाळांबद्दलचे प्रश्न त्या कागदांत कुठंतरी असणारच. तेवढाच एक दिवस त्यांचं उत्तर पूर्णतः खरं देता आलं असतं.

त्याच अधिवेशनात सुनील तटकरे यांनी विधान परिषदेत सहावीचं भूगोलाचं पुस्तक दाखवलं. मराठी माध्यमाचं पुस्तक, आणि आतली काही पानं गुजरातीत. सभागृहाचं काय झालं असेल ते सांगायला नको. १९६० साली एवढा आटापिटा करून द्वैभाषिक राज्य मोडलं आणि अठ्ठावन्न वर्षांनी ते बालभारतीच्या भूगोलात पुन्हा शिवून आलं. पुस्तक अहमदाबादच्या छापखान्यातून आलं होतं आणि बांधणीत पानं मिसळली, असा खुलासा पुढं झाला. मला यात सगळ्यात कुतूहल आहे ते दुसऱ्या टोकाचं. तिकडं कुणा गुजराती पोराच्या पुस्तकात सह्याद्रीचं पान गेलं असेल काय? त्यावर गांधीनगरला कुणी विचारलं असेल काय? आणि ते अंशतः खरं निघालं असेल काय?

दप्तराचं ओझं हा विषय तर इतका जुना, की तो विचारणारे काही आमदार ते ओझं वाहून आलेले आहेत. २०१५ च्या जुलैत शासन निर्णय निघाला: दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको. सगळीकडं तराजू आले, दप्तरं मोजली गेली, अहवाल गेले. पुढं २०२३-२४ पासून पुस्तकाचे चार भाग करून त्यांतच वहीची कोरी पानं घालायची टूम निघाली. म्हणजे वेगळी वही नको, ओझं कमी. दोन वर्षांनी कळलं, की मुलं कोरी पानंवालं जाड पुस्तकही आणतात आणि वहीही आणतात. २०२५-२६ पासून पानं काढून टाकली. तो खर्च सोडा. पण राज्याच्या इतिहासात सरकारनं छापलेलं हे एकच साहित्य असेल ज्यात एकही चूक नव्हती.

या विषयावरचं सगळ्यात चांगलं उत्तर मात्र विधान भवनात दिलं गेलं नाही. ते चंद्रपूरला दिलं गेलं, २०१६ च्या ऑगस्टमध्ये. सातवीतली दोन मुलं तिथल्या पत्रकारांसमोर गेली आणि पत्रकार परिषद घ्यायची म्हणाली. पत्रकारांना आधी वाटलं, पोरं कुणाचा निरोप घेऊन आली. पण ती स्वतःच बोलायला बसली: रोज विषय एवढे, पुस्तकं एवढी, वह्या एवढ्या, वर्ग तिसऱ्या मजल्यावर, मुख्याध्यापकांना सांगून झालं, काही हललं नाही, आता उपोषणाला बसू. मुद्दा, आकडा, मजला, आजवरची कार्यवाही, पुढची कार्यवाही. कुठंही "उक्त" नाही, "विचाराधीन" नाही, "त्या दरम्यान" नाही. बातमी देशभर गेली. मला तेव्हापासून वाटतं, की मंत्र्यांच्या ब्रीफिंगला उपसचिवांऐवजी सातवीतली दोन मुलं बसवून पाहावीत. ती मुलं आता मोठी झाली असतील. स्पर्धा परीक्षा देऊन कक्ष अधिकारी झाली असतील, तर मात्र संपलंच.

सभागृहाच्या बाहेर या परीक्षेचा एक बहिःस्थ विभाग भरतो, टेकडी रोडवर आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर. यशवंत स्टेडियमहून मोर्चे निघतात आणि कठड्यांशी येऊन थांबतात. त्यात विनाअनुदानित शाळांचे शिक्षक ठरलेले. त्यांची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती लांबवली तर विनोदी लेख राहणार नाही. या शाळा आधी "कायम विनाअनुदानित" होत्या. २००९ च्या जुलैत सरकारनं शासन निर्णय काढून त्यातला "कायम" हा शब्द वगळला. शिक्षकांनी पेढे वाटले. पगार मात्र शब्दाइतका पटकन हलत नाही. पहिलं वीस टक्के अनुदान यायला २०१६ उजाडलं, आणि मग टप्पा, वाढीव टप्पा, त्रुटी, त्रुटीपूर्तता. एका मोर्चात एक सर भेटले, नोकरीला एकोणीस वर्षं झालेले. मी विचारलं, "सर, सध्या किती टक्के?" ते म्हणाले, "चाळीस. आमच्या वर्गात पस्तीसला पास करते भाऊ, म्हणून मी पास आहे."

पगाराची ही चिंता या गावाला नवी नाही. १९३७ साली डॉ. ना. भा. खरे यांचं मंत्रिमंडळ इथं आलं, तेव्हा शिक्षणमंत्री होते पंडित रविशंकर शुक्ल. त्यांनी विद्यामंदिर योजना आणली: गावानं शाळेला जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून शाळा चालावी, गुरुजींचा पगार निघावा. त्यावरही नागपुरातच प्रश्न विचारले गेले, वाद झाले, आणि वादाचा बराचसा जोर योजनेच्या नावातल्या "मंदिर" या अर्ध्या भागावर खर्च झाला. तेव्हाच्या गुरुजीला पाऊस पडेल काय याची काळजी. आताच्या गुरुजीला टप्पा पडेल काय याची. पावसाचा अंदाज निदान हवामान खातं देतं.

परीक्षा संपते. मंत्री विमानानं जातात, फायली पुन्हा ट्रकवर चढतात, दुभाजकावरचा झेंडू मान टाकतो. पण सभागृहात मंत्री जे बोलले त्याचं काय? "कार्यवाही करू", "महिन्याभरात अहवाल मागवू", "शिक्षकांचा भार कमी करू". लोकांना वाटतं हे हवेत विरतं. तसं नाही. अशा वाक्यांवर नजर ठेवायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. भाषणांमधून आश्वासनं वेचायची, खात्याकडं पाठवायची आणि पूर्तता झाली काय ते विचारायचं, हे तिचं काम. शिक्षकांचा अशैक्षणिक भार कमी करण्याचं आश्वासन असंच वेचलं गेलं, की समिती खात्याला विचारते, खातं पुण्याला विचारतं, पुणं विभागाला, विभाग जिल्ह्याला, आणि एका दुपारी मावसभावाच्या फोनवर संदेश येतो: "अतितात्काळ. शिक्षकांचा अशैक्षणिक कामाचा भार कमी झाल्याबाबतची माहिती सोबतच्या प्रपत्र क मध्ये आज ४ पर्यंत सादर करावी."

गेल्या खेपेला तर समितीचा दौरा त्याच्या तालुक्यावरून जाणार असल्याचं कळलं आणि त्याच्यासाठी आणखी एक प्रपत्र आलं. शाळेची रंगरंगोटी, स्वच्छतागृह, पट, उपस्थिती असे रकाने होते. ते भरताना त्याला पुन्हा केंद्रप्रमुखांचा फोन आला. बाकीचं निरंक राहिलं तरी चालेल सर, ते म्हणाले, पण शेवटचा रकाना कोरा ठेवू नका. शेवटचा रकाना होता: मान्यवरांच्या भोजनाची व्यवस्था, शाकाहारी किंवा सावजी.